गोव्यात उत्तम सिगार ओढणे आणि तिची चव घेणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अनेक वर्षे मी पणजीत राहून सिगारी जपतो आणि क्वचित ओढतो. ओळखीची मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सिगारविषयीचे बहुतेक लेखन थंड आणि कोरड्या देशांत झालेले आहे. तेथे सिगार वाळून जाऊ नये म्हणून धडपड करावी लागते, तर गोव्यात सिगार पापडासारखी सादळते. चवीविषयी माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी ही ओलच निघते, म्हणून पुढच्या उत्तरांत तिचा उल्लेख वारंवार येईल. हे पान केवळ प्रौढांसाठी आहे. तंबाखू शरीराला अपाय करते आणि सिगार त्याला अपवाद नाही. त्याविषयीचे उत्तर पुढे दिले आहे, ते कोणी गाळू नये.

सिगार आणि सिगारेट यांत नेमका फरक काय?

सिगारेटमध्ये बारीक चिरलेली तंबाखू कागदात भरलेली असते, तर हाताने वळलेली चांगली सिगार आतपासून बाहेरपर्यंत तंबाखूच्या पानांचीच असते. तिचे तीन थर असतात: पोटात लांबीच्या बाजूने घड्या घातलेली फिलरची पाने, त्यांना आवळून धरणारे बाइंडर, आणि सर्वांत बाहेर तलम, बिनडाग रॅपर. फिलरची पाने रोपाच्या निरनिराळ्या उंचीवरची असतात. खालचे व्होलाडो चांगले जळते, मधले सेको सुगंध देते आणि शेंड्याकडचे, ऊन भरपूर खाल्लेले जाड लिगेरो सिगारीला जोर देते. लिगेरो सावकाश जळत असल्यामुळे कसबी कारागीर ते मधोमध ठेवतो.

ही पाने आधी खोपटांत टांगून वाळवतात आणि मग त्यांचे ढीग रचून आंबवतात. पावसाळ्यात ओल्या गवताच्या गंजीत हात घातला की आत जशी ऊब लागते, तशीच ऊब या ढिगांच्या पोटात तयार होते. त्या उबेत पानांतला अमोनिया निघून जातो, रंग गडद होतो आणि कच्च्या तंबाखूचा उग्रपणा मवाळ होतो. कित्येक महिने चालणारे हे काम घाईत उरकलेले असेल, तर पहिल्या झुरक्यालाच नाकात अमोनियाची तिडीक बसते.

धूर छातीत ओढायचा नाही असे सांगतात. मग चव लागते कशी?

सिगारीचा धूर अल्कधर्मी असतो. त्यामुळे त्यातले निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते आणि घशाला तो धूर बोचतो. सिगारेटचा धूर त्या मानाने आम्लधर्मी असल्यामुळे तो छातीत ओढावासा वाटतो. जन्मभर सिगारेट ओढलेला माणूस सवयीने सिगारीचाही धूर आत घेतो आणि ठसका लागून बेजार होतो. सिगारीचा धूर तोंडात घ्यायचा, दोन-तीन क्षण जिभेवर खेळवायचा आणि सोडून द्यायचा.

जीभ फक्त गोड, खारट, आंबट, कडू अशा मोजक्या चवी सांगते. बाकी सारे नाकाचे काम आहे. सर्दी झाली की आमटी अळणी लागते, त्याचे कारण हेच. म्हणून सिगार ओढणारे धुराचा बराचसा भाग तोंडातून सोडून देतात आणि उरलेला अगदी थोडा भाग टाळूच्या मागून हळूच नाकावाटे बाहेर काढतात. पहिल्या वेळी नाक झणझणते, डोळ्यांत पाणी येते. तोंडातला तीनचतुर्थांश धूर आधी सोडून मगच हा प्रयोग करावा, आणि एका सिगारीत तीन-चार वेळांपेक्षा अधिक करू नये. जमू लागले की नुसते ‘कडू’ वाटणारे मिरीसारखे आहे की जळक्या कॉफीसारखे, हे वेगळे कळू लागते.

वर्णनांत चामडे, कोको, देवदार असे शब्द येतात. मला तसे काहीच जाणवत नाही. माझी जीभ मंद आहे का?

तसे मुळीच नाही. ते शब्द ज्यांनी लिहिले, त्यांच्या लहानपणीच्या वासांचे ते शब्द आहेत. आपल्या स्मरणात दुसरे वास आहेत आणि सिगारीत शोधायचे ते तेच. मला एका निकाराग्वाच्या सिगारीत चुलीत भाजल्या जाणाऱ्या काजूबियांचा तेलकट, किंचित डोळ्यांना लागणारा वास सापडला होता आणि तो सापडल्यापासून ती सिगार मी डोळे मिटून ओळखतो. माडाच्या गुळाचा करपट गोडवा, कुळागरातली ओली मिरी आणि सुकी मिरी यांतला फरक, पहिल्या पावसाने भिजलेल्या जांभ्या दगडाचा वास, किसलेले जायफळ, उन्हात वाळत घातलेली सोलं, आजीच्या शिसवी पेटीचे आतले लाकूड, ही आपली शब्दसंपत्ती आहे. एका छोट्या वहीत तारीख, सिगारीचे नाव आणि हे असे दोन-तीन शब्द लिहून ठेवावेत. पाच-सहा नोंदी झाल्यावर मागे वळून वाचले की आपल्याला काय आवडते ते आपोआप दिसते.

जिभेची तयारीही पाहावी लागते. तिरफळे घातलेले बांगड्याचे हुमण जेवून लगेच सिगार पेटवली, तर तिरफळाने बधिर झालेल्या जिभेला काहीच कळणार नाही. अशा जेवणानंतर दीड-दोन तास जाऊ द्यावेत आणि मध्ये साधे पाणी प्यावे. उलट अगदी उपाशीपोटीही बसू नये. त्याचे कारण निकोटिन आहे, आणि ते पुढे येईल.

एकाच सिगारीची चव मध्येच बदलते, ही कल्पना आहे की खरे?

खरे आहे. जळत्या टोकाकडून येणारा धूर उरलेल्या पानांतून गाळून येतो आणि येताना तेथे तेल व डांबर सोडत जातो. सिगार जशी आखूड होते, तसा धूर अधिक गरम आणि दाट होत जातो. जाणकार म्हणून तिचे तीन भाग मानतात. पहिल्या भागात चव हलकी आणि थोडी विस्कळीत असते, मधल्या भागात ती जमून येते, शेवटच्या भागात जोर वाढतो. माझ्या मते चांगल्या सिगारीचे सारे मोल मधल्या भागात असते. शेवटचे दोन इंच ओढलेच पाहिजेत, असा कोठेही नियम नाही. पैसे मोजले म्हणून बोटे भाजेपर्यंत ओढत राहणाऱ्यांच्या तोंडात दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कडूजार चव राहते.

पहिल्यांदा कोणती सिगार घ्यावी? ५ बाय ५० असे आकडे असतात, त्यांचा अर्थ काय?

पहिला आकडा इंचांत लांबी सांगतो. दुसरा जाडी सांगतो आणि तो एका इंचाच्या ६४ भागांत मोजलेला असतो. म्हणजे ५० जाडीची सिगार सुमारे २० मिलिमीटर व्यासाची असते. रोबुस्तो या आकाराची सिगार साधारण ५ इंच लांब आणि ५० जाड असते व तिला पाऊण ते एक तास लागतो. चर्चिल ७ इंच लांब आणि ४७ जाड असते. तिला दीड तासाची उसंत हवी, तेव्हा नवशिक्याने तिच्या वाटेला जाऊ नये. ४२ जाडीची, पाच इंचांच्या आसपासची ‘पेटी कोरोना’ नावाच्या लहान आकाराची सिगार सुरुवातीला बरी, कारण ती लवकर संपते आणि तिच्यात रॅपरच्या पानाची चव अधिक कळते.

गडद रंग म्हणजे कडक सिगार, हा समज चुकीचा आहे. मादुरो नावाचे काळपट रॅपर जास्त काळ आंबवलेले असते आणि चवीला पुष्कळदा गोडसरच लागते. जोर ठरतो तो आतल्या लिगेरोवरून. डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सिगारी साधारणपणे सौम्य, निकाराग्वातल्या एस्तेली भागातल्या पानांच्या सिगारी मिरमिरीत, आणि क्युबाच्या पिनार देल रिओ प्रांतातल्या वुएल्ता आबाहो भागातल्या पानांना स्वतःचा एक मातकट, गोडसर गंध, असे ढोबळपणे म्हणता येते. सुरुवात सौम्य सिगारीने करावी. क्युबाचे नाव मोठे आहे म्हणून पहिलीच सिगार क्युबाची घेणाऱ्याला तिच्यात काय पाहायचे हेच ठाऊक नसते.

टोक कसे आणि किती कापावे?

तोंडात धरायच्या बाजूला पानाची एक लहानशी टोपी चिकटवलेली असते. टोपी जेथे वळून सरळ अंगाला मिळते, त्या वळणाच्या वरच, दीड-दोन मिलिमीटरच काप घ्यावा. त्याखाली कापले तर रॅपर उलगडू लागते. कटर धारदार हवा आणि काप एका झटक्यात बसायला हवा. दातांनी तोडणे किंवा भाजीच्या सुरीने कापणे टाळावे. काप घेतल्यावर न पेटवताच एकदा हवा ओढून पाहावी. या कोरड्या ओढीतच सिगार तुंबलेली आहे की मोकळी, हे कळते. पावसाळ्यात ती तुंबलेली वाटली, तर तेवढ्यावरच थांबावे आणि ती पुन्हा डब्यात ठेवून द्यावी.

पेटवण्यासाठी साधा लायटर किंवा मेणबत्ती चालेल का?

मेणबत्तीचा आणि पेट्रोलच्या लायटरचा वास पहिल्याच झुरक्यात पानांत शिरतो, म्हणून ते नको. ब्युटेन वायूचा लायटर किंवा लांब काडी घ्यावी. काडीवरचा गंधक पूर्ण जळून जाईपर्यंत थांबावे. सिगार तोंडात न धरता तिचे टोक ज्योतीच्या थोडे वर, कललेले धरून फिरवत राहावे. पापड निखाऱ्यावर भाजताना तो ज्योतीत न घालता धगीवर फिरवतात, तसेच हे आहे. सगळा गोल काठ काळा होऊन कडेला लाली दिसली की मग तोंडात धरून, ज्योत अजून दूर ठेवून, दोन-तीन हलके झुरके घ्यावेत. शेवटी टोकावर फुंकर घालून पाहावे. लाली सगळीकडे सारखी असेल तर काम झाले, एक बाजू काळी राहिली असेल तर तेवढ्याच भागाला पुन्हा धग द्यावी.

समुद्रकिनाऱ्यावर हे जमत नाही. मांडवीच्या काठी किंवा मिरामारला संध्याकाळी जो वारा सुटतो, त्यात सिगार एका बाजूने भराभर जळते, तापते आणि तिखट होते. सूर्यास्ताचे आणि सिगारीचे चित्र कितीही सुंदर दिसले, तरी चवीसाठी ती जागा वाईट आहे. आपल्या जुन्या घरांचे बाल्कांव, म्हणजे दारापुढची बसायची ओसरी, मला सर्वांत योग्य वाटते: वर छप्पर, वारा अडवलेला, तरी धूर निघून जायला तीन बाजू मोकळ्या.

किती वेळाने झुरका घ्यावा? मध्येच विझली किंवा एकाच बाजूने जळत गेली तर?

मिनिटाला एक झुरका, असे साधारण प्रमाण धरावे. भराभर ओढले की टोक तापते आणि तापलेल्या पानातून चवीऐवजी नुसता जळका कडवटपणा येतो. सिगार बोटांना ऊन लागू लागली की दोन मिनिटे खाली ठेवून द्यावी.

विझणे हा दोष नाही. राख झाडून, तिच्यातून एकदा हलकी फुंकर बाहेर मारून आतला शिळा धूर काढून टाकावा आणि पुन्हा धग द्यावी. तासाभरात पेटवली तर फारसे बिघडत नाही. एकाच बाजूने जळत असेल तर मागे राहिलेल्या बाजूला थोडी धग द्यावी. आतून जळत जाऊन बाहेरचे रॅपर तसेच राहिले, म्हणजे सिगार पोकळ होत गेली, तर ओलीचा संशय घ्यावा.

राख वारंवार झाडू नये. इंचभर राख टोकावर राहिली की धग थोडी आवरली जाते. मात्र तिची लांबी मिरवण्यात काही अर्थ नाही, ती शेवटी सदऱ्यावर पडते.

गोव्याच्या पावसाळ्यात सिगारी कशा ठेवाव्यात?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाचाही. सिगार साठवायला ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता आणि १८ ते २१ अंश सेल्सिअस तापमान योग्य मानले जाते. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात हवेतली आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. भिंतींना पोपडे येतात, चपलांना बुरशी येते, मीठ पाझरते. अशा हवेत परदेशी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगारी ठेवायच्या ओल राखणाऱ्या पेटीत, पाण्याने भिजवलेला स्पंज ठेवणे म्हणजे सिगारी जाणूनबुजून कुजवणे होय. मी पहिल्या वर्षी तेच केले होते. गणेशचतुर्थीच्या आदल्या आठवड्यात पेटी उघडली, तेव्हा वरच्या थरातल्या सगळ्या सिगारी फुगून मऊ पडल्या होत्या आणि दोघींची रॅपरे उभी तडकली होती.

लाकडी ह्युमिडॉर दिसायला देखणा असतो. त्याचे आतले लाकूड ‘स्पॅनिश सिडार’ या नावाने विकले जाते, पण ते देवदार नव्हे. ते झाड कडुलिंबाच्या कुळातले आहे, आणि आपल्याकडचे तूणही त्याच कुळातले, त्याचे जवळचे नातलग आहे. त्याचा वास चांगला आणि ओल शोषण्याची ताकदही चांगली. पण येथल्या पावसात ते लाकूडच बाहेरची ओल पिऊन आतल्या सिगारींना पाजते. म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत मी सिगारी रबरी कडीच्या हवाबंद डब्यात ठेवतो आणि त्यात ६५ टक्क्यांची आर्द्रता राखणारी पिशवी टाकतो. या पिशव्या हवा कोरडी असेल तर ओल सोडतात आणि दमट असेल तर शोषून घेतात. डबा आठवड्यातून एकदाच, तोही पाऊस उघडलेल्या दुपारी उघडावा. तांदूळ किंवा सिलिकाच्या पुड्या टाकू नयेत. त्या ओल शोषतात खऱ्या, पण कोठे थांबायचे ते त्यांना कळत नाही.

डब्यात आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर ठेवावा, मात्र तो आधी तपासून घ्यावा. ही तपासणी घरच्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याच्या थेंबांनी त्याचा दाटसर लगदा करावा, ते झाकण आणि हायग्रोमीटर बंद पिशवीत रात्रभर ठेवावे. मिठाच्या अशा लगद्यावरच्या हवेत आर्द्रता ७५ टक्केच राहते. काटा ७० दाखवत असेल, तर तो पाच टक्के कमी दाखवतो हे लक्षात ठेवायचे.

फ्रिजमध्ये ठेवणे सोयीचे वाटते, परंतु तेथली हवा कोरडी असते आणि शेजारच्या सुंगटांचा (कोळंबीचा) वास सिगारीला लागल्यावाचून राहत नाही. वातानुकूलित खोलीतही दिवसा यंत्र चालू आणि रात्री बंद, असे असेल तर चढउतारानेच अधिक नुकसान होते. त्यापेक्षा घरातल्या मधल्या खोलीत, जमिनीलगत, बाहेरच्या भिंतीपासून दूर असलेले कपाट बरे.

सिगार सादळली आहे हे कसे ओळखावे? ती सुधारते का?

दोन बोटांत धरून हलकेच दाबावी. चांगली सिगार किंचित दबते आणि लगेच पूर्वीसारखी होते. दाबल्यावर खळगा राहिला तर ती ओली आहे, कुरकुरली तर वाळलेली. ओली सिगार नीट पेटत नाही, जोराने ओढावी लागते, आणि जोराने ओढल्यामुळे टोक तापून वाफेबरोबर कडू डांबर तोंडात येते. लोक म्हणतात की सिगार कडक होती. खरे तर ती फक्त ओली असते. ६५ टक्क्यांच्या पिशवीसह हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे ठेवली की ती बहुधा ताळ्यावर येते. उन्हात घालून किंवा पंख्याखाली ठेवून घाई करू नये, कारण बाहेरचे रॅपर आधी आक्रसते आणि आतली फुगलेली पाने त्याला फाडतात.

सिगारीवर पांढरे डाग किंवा बारीक भोके दिसली तर?

कापसासारखे, पांढरे वा हिरवट पुंजके म्हणजे बुरशी. ती फक्त रॅपरवर, कोरडी आणि थोडी असेल तर मऊ कापडाने पुसून सिगार वेगळी ठेवणारे लोक आहेत, परंतु पेटवायच्या टोकावर आतपर्यंत बुरशी दिसली तर सिगार टाकून द्यावी. मी तर कोणतीही बुरशी आली की टाकतोच.

टाचणीच्या टोकाएवढे गोल भोक आणि तळाला तपकिरी भुकटी दिसली, तर तंबाखूचा भुंगा लागला आहे. दोन-तीन मिलिमीटरचा हा लालसर किडा आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या हळदीला, धण्यांना आणि सुक्या मिरच्यांनाही लागतो, म्हणून सिगारीचा डबा मसाल्याजवळ ठेवू नये. पानांत आधीपासून असलेली अंडी उबेत फुटतात, आणि गोव्यात ऊब बारमाही आहे. एकदा उत्तर गोव्यातल्या एका दुकानातून आणलेल्या दहा सिगारींपैकी तीन सिगारींना महिन्याभरात अशी भोके पडली. दुकानदाराच्या काचेच्या कपाटात हवा थंड होती, पण सिगारी तेथे येण्याआधी कोठे किती दिवस पडून होत्या, हे कोणी विचारले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. तेव्हापासून नवी सिगार बंद पिशवीत घालून मी तीन दिवस फ्रीझरमध्ये, मग एक दिवस फ्रिजमध्ये, आणि मग पिशवी न उघडता बाहेर ठेवतो. थेट बाहेर काढली तर रॅपर तडकते.

सोबत काय प्यावे? फेणी चालते का?

काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तिच्याविषयी मला आपुलकी आहे, तरीही सौम्य सिगारीसोबत ती नको, असेच मी सांगेन. तिचा वास इतका ठसठशीत असतो की सिगार हरते. जोरकस, मादुरो रॅपरच्या सिगारीसमोर मात्र अर्धा पेला फेणी चांगली उभी राहते. माडाची फेणी त्या मानाने मवाळ आहे. हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, लिंबू घालून पितात आणि आंबटासोबत धुराची चव मला धातूसारखी लागते. कोकम सरबताचेही तेच. माझी निवड बिनसाखरेची काळी कॉफी आणि माडाच्या गुळाचा खडा. येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे: दारू आणि तंबाखू एकत्र घेतल्याने तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा अधिक वाढतो.

गोव्याचा आणि सिगारीचा काही जुना संबंध आहे का?

आहे, आणि तो शब्दांतही दिसतो. कोलंबसाच्या माणसांनी १४९२ साली क्युबात पाने गुंडाळून धूर ओढणारी माणसे पाहिली, त्यानंतर तंबाखू भारतात आणली ती पोर्तुगीजांनी. आपल्या शेजारच्या विजापूरहून अकबराचा दूत असद बेग याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ती त्याच्या दरबारात नेली. आपण ‘तंबाखू’ म्हणतो तो ‘ताबाको’च. पोर्तुगीजांनी सिगारीला ‘शारुतु’ म्हटले आणि तो शब्द त्यांनी गुंडाळणे या अर्थाच्या तमिळ ‘चुरुट्टु’वरून घेतला. आपला ‘चिरूट’ही त्याच घरचा. तिरुचिरापल्लीचे चिरूट एकेकाळी इंग्लंडपर्यंत जात असत.

गोव्याच्या खेड्यांत यापेक्षा साधी वस्तू होती, ती म्हणजे धुमटी. फणसाच्या किंवा केळीच्या सुक्या पानात तंबाखू गुंडाळून केलेला हा निमुळता चिरूट काही बायका जळते टोक तोंडात धरून ओढत. या उलट्या ओढण्याचा आणि तोंडातल्या कर्करोगपूर्व डागांचा अभ्यास १९७० च्या दशकात गोव्यातच झाला.

गोव्यात सिगार कोठे ओढता येते? परदेशातून किती आणता येतात?

२००३ च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आहे आणि तिची देशभर कडक अंमलबजावणी २ ऑक्टोबर २००८ पासून सुरू झाली. ३० किंवा अधिक खोल्यांची हॉटेले आणि ३० किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे यांना वेगळी धूम्रपान-जागा ठेवता येते. १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकता येत नाही, आणि शाळा-महाविद्यालयांपासून १०० यार्डांच्या आत विक्रीच करता येत नाही. गोव्याचा धूम्रपान आणि थुंकण्यास प्रतिबंध करणारा स्वतःचा कायदा तर १९९७ चा, म्हणजे केंद्राच्या आधीचा आहे.

प्रवासी सामानाच्या २०१६ च्या नियमांत २५ सिगारी शुल्काविना आणण्याची मुभा होती. प्रवासाआधी सीमाशुल्क विभागाचा चालू नियम पाहून घ्यावा. किनाऱ्यावर कोणी काचेच्या झाकणाच्या पेटीतून ‘कोहिबा’ ही नामांकित क्युबन सिगार दाखवली तर पुढे चालू लागावे. तशी पेटी नकलीच असते.

महिन्यातून एखादी सिगार ओढली तर अपाय नाही ना?

अपाय नाही असे म्हणता येत नाही. सिगारीच्या धुराने तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका आणि फुप्फुसे यांचे कर्करोग होतात. मोठ्या सिगारीत सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. धूर गिळला नाही म्हणून तोंड आणि घसा वाचत नाहीत, तेथेच तर तो सर्वाधिक वेळ असतो. पाने आंबवताना तयार होणारी नायट्रोसअमाइन्स ही कर्करोगकारक द्रव्ये सिगारीत सिगारेटपेक्षा जास्त आढळतात. क्वचित ओढणाऱ्याचा धोका रोज ओढणाऱ्यापेक्षा कमी असतो, पण तो शून्य नसतो. जो ओढत नाही त्याने चवीच्या कुतूहलापोटीही सुरुवात करू नये, असे मी घरातल्या मुलांना सांगत आलो आहे. २००९-१० च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात गोव्यातले तंबाखू वापराचे प्रमाण ८.८ टक्के, म्हणजे देशात सर्वांत कमी निघाले होते. ते तसेच राहावे, असे मला मनापासून वाटते. घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा दम्याचा रोगी असेल तर बाल्कांवावरही पेटवू नये. तोंडात न भरणारा व्रण किंवा पांढरा चट्टा दिसला तर सिगार बंद करून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे.

ओढताना डोके गरगरले, मळमळले तर काय करावे?

याला आपल्याकडे ‘तंबाखू लागली’ म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. उपाशीपोटी किंवा घाईने ओढल्यावर निकोटिन एकदम चढते, घाम सुटतो, हातपाय गार पडतात. सिगार लगेच बाजूला ठेवावी, मोकळ्या हवेत बसावे, पाणी प्यावे आणि गूळ किंवा साखर तोंडात टाकावी. पंधरा-वीस मिनिटांत बरे वाटते. ओकारी थांबत नसेल किंवा छातीत धडधड राहिली, तर डॉक्टरांकडे जावे. बरे वाटल्यावर तीच सिगार पुन्हा पेटवू नये.

उरलेली अर्धी सिगार दुसऱ्या दिवशी ओढता येते का? आणि संपल्यावर ती विझवायची कशी?

थंड झालेल्या सिगारीत डांबर बसते आणि दुसऱ्या दिवशी तिला शिळ्या चुलीची घाण येते. ती डब्यात इतर सिगारींजवळ ठेवली तर त्यांनाही तो वास लागतो. तेव्हा उरलेली सिगार सोडून द्यावी. सिगारेटसारखी चिरडू नये, चिरडली की खोलीभर उग्र वास सुटतो. रक्षापात्रात आडवी ठेवावी, काही मिनिटांत ती आपोआप विझते. पूर्ण थंड झाल्याची खात्री करून, राखेसह कागदात गुंडाळून, त्याच रात्री घराबाहेरच्या कचऱ्यात टाकावी. पावसाळ्यात हे विसरले तर सकाळी दमट हवेत तो वास पडद्यांत मुरलेला असतो आणि चार दिवस जात नाही.